बेसबॉलची पुस्तकं, जुनी मासिकं, कार्डं आणि सह्या: नव्याने जमवायला लागलेल्यांसाठी

माझ्या कपाटात एक बॉल आहे. त्यावर निळ्या शाईत पिट्सबर्ग पायरेट्स टीमच्या रॉबर्टो क्लेमेंटेची सही आहे, एकदम डौलदार, आणि ती खोटी आहे. १४० डॉलरला घेतला होता एका फ्ली मार्केटात, सोबत सोनेरी सील लावलेलं सर्टिफिकेटपण मिळालं. आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फोटो टाकून झाले. मग शेजारचे आजोबा आले. हे जन्मापासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स टीमचे, १९५७ चा सीझन संपल्यावर टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली ते त्यांना अजून पचलेलं नाही. त्यांनी बॉल हातात घेतला, सहीकडे बघितलंसुद्धा नाही, बॉलवरचा कंपनीचा शिक्का वाचला आणि हसायलाच लागले. शिक्का रॉलिंग्जचा, नॅशनल लीगचा ऑफिशियल बॉल (अमेरिकेतलं सगळ्यात वरचं बेसबॉल म्हणजे मेजर लीग, तिचे दोन भाग, नॅशनल आणि अमेरिकन). रॉलिंग्जकडे मेजर लीगच्या बॉलचं काम आलं १९७७ ला, त्याआधी नॅशनल लीगचा बॉल स्पाल्डिंगच्या नावाचा असायचा. आणि क्लेमेंटे गेला ३१ डिसेंबर १९७२ ला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात पडलं त्यात. म्हणजे माणूस गेल्यावर चार-पाच वर्षांनी येऊन सही करून गेला.

तर हे असं तुमचं होऊ नये म्हणून लिहितेय. मी न्यू जर्सीत राहते, मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळायला लागला तेव्हा बाकावर बसून बसून मला हा खेळ कळायला लागला आणि मग वेडच लागलं. लहानपणी आपण 'एकच षटकार' मधून फोटो कापून वहीत चिकटवायचो ना, तोच आजार, फक्त इथे त्याला बाजारभाव आहे.

१. आधी ठरवा की कशाच्या मागे लागायचं

पहिल्या सहा महिन्यांत मी जे दिसेल ते घेतलं. बॉबलहेड, मग, टोप्या, किचेन, कुठल्यातरी खेळाडूची फ्रेम. आता ते सगळं गॅरेजमध्ये आहे. बेसबॉलमध्ये सामान इतकं आहे की ठरवलं नाही तर घर भरेल आणि हाताला काही लागणार नाही. एक टीम धरा, किंवा एक खेळाडू, किंवा एक दशक, नाहीतर एक प्रकारची वस्तू. माझ्या ओळखीचे एक जण फक्त कॅचर लोकांची, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्यांची, कार्डं जमवतात (कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेला छोटा पुठ्ठा). मी स्वतः १९५० आणि ६० मधली न्यूयॉर्कची छापील बाडं जमवते, म्हणजे प्रोग्रॅम, स्कोअरकार्ड, इयरबुक, मासिकं.

बजेटपण ठरवा, महिन्याचं, आणि ते नवऱ्याला किंवा बायकोला आधीच सांगून टाका. मी नंतर सांगितलं होतं.

२. पहिले शंभर डॉलर फक्त पुस्तकांवर

ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे आणि ती कोणी ऐकत नाही. लोक थेट कार्डं आणि सह्यांकडे पळतात. पण खोटी वस्तू ओळखायला डोळ्यापेक्षा माहिती जास्त लागते, कोण कधी कुठे खेळला, कधी गेला, तेव्हा बॉल कोणाचा होता, ही माहिती पुस्तकात पंधरा डॉलरमध्ये मिळते. मला ती १४० ला पडली.

माझ्या मते सुरुवात अशी करा. लॉरेन्स रिटरचं 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स', १९६६ चं. हा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या म्हाताऱ्या खेळाडूंना बोलतं केलं, वाचताना कोणीतरी ओट्यावर बसून गोष्ट सांगतंय असं वाटतं. मग रॉजर कानचं 'द बॉइज ऑफ समर', १९७२, ब्रुकलिन डॉजर्स आणि नंतर त्या खेळाडूंचं मध्यमवय, आजोबा हे पुस्तक अजूनही सलग वाचू शकत नाहीत. जिम बाउटनचं 'बॉल फोर', १९७०, त्याच्या १९६९ च्या सीझनची डायरी, त्यातली सिएटल पायलट्स ही टीम एकच वर्ष टिकली, आणि ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी बाहेर काढल्या म्हणून तेव्हाचे कमिशनर, म्हणजे मेजर लीगचे प्रमुख, बोवी कून जाम चिडले होते. त्याच वर्षी रॉबर्ट पीटरसनचं 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट' आलं, निग्रो लीग्जवरचं, म्हणजे मेजर लीगमध्ये न घेतलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जवरचं, ते वाचल्याशिवाय जॅकी रॉबिन्सनचं कुठलंही सामान घेऊ नका, कारण १५ एप्रिल १९४७ चं, म्हणजे तो मेजर लीगमध्ये उतरला आणि ही वर्णबंदी मोडली त्या दिवसाचं, महत्त्व त्याच्या आधीची वर्षं कळल्याशिवाय कळत नाही. 'मनीबॉल' तर सगळ्यांना सिनेमामुळे माहितीच आहे.

भारतात बसून जमवणारे असाल तर पोस्टेज पुस्तकापेक्षा महाग पडतं, कोणी येत असेल त्याच्या बॅगेत जागा मागा, दोन पुस्तकांना कोणी नाही म्हणत नाही. आणि फुकटपण खूप आहे. 'बेसबॉल डायजेस्ट' चे कितीतरी जुने अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात. बेसबॉलच्या इतिहासावर काम करणारी साबर नावाची संस्था आहे, १९७१ ला कूपर्सटाउनमध्ये सुरू झाली, त्यांची खेळाडूंची चरित्रं ऑनलाइन फुकट आहेत आणि एकेक चरित्र म्हणजे छोटं पुस्तकच असतं.

३. वाचायची प्रत वेगळी, जपायची वेगळी

वाचायची प्रत लायब्ररीच्या सेलमधून घ्या. इथे गावोगावच्या लायब्ररीत 'फ्रेंड्स' लोकांचा सेल असतो, एक-दोन डॉलरला पुस्तक. पण लायब्ररीचा शिक्का, मागचा खिसा, पाठीवरचा नंबर असलेल्या पुस्तकाला संग्राहकांच्या बाजारात किंमत जवळपास नसते, मग ते कितीही जुनं असो. ऑनलाइन घेताना 'एक्स-लायब्ररी' हा शब्द वर्णनात अगदी खाली लिहिलेला असतो, तो शोधा.

जपायची प्रत म्हणजे फर्स्ट एडिशन. इथे फसायच्या जागा तीन. कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असेल तर त्यात १ आहे का बघा, सहसा १ म्हणजे पहिली छपाई, पण प्रत्येक प्रकाशकाची पद्धत वेगळी असते आणि जुन्या पुस्तकांत ही ओळच नसते, म्हणून त्या प्रकाशकाचं आधी शोधून घ्या. दुसरं, बुक क्लबची आवृत्ती. दिसायला हुबेहूब, पण कव्हरच्या आतल्या फ्लॅपवर किंमत छापलेली नसते आणि बऱ्याचदा मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात एक दाबलेला ठिपका असतो. काही लोक फ्लॅपचा कोपराच कापून विकतात, भेट दिलं होतं म्हणून किंमत कापली असं सांगतात, खरं असू शकतं पण मग तो ठिपका नक्की चाचपून बघा. तिसरं, डस्ट जॅकेट, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी कव्हर. त्याच्याशिवाय विसाव्या शतकातल्या पुस्तकाची बहुतेक किंमत गेलीच समजा.

एक मजा सांगते. बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्ससमध्ये डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, तिथे बसून आकडेमोड करायचा. १९७७ ला त्याने 'बेसबॉल अॅब्स्ट्रॅक्ट' स्वतःच छापून विकलं, जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास प्रती गेल्या. आज आकड्यांवर जे सगळं बेसबॉल चालतं त्याची सुरुवात बरीचशी तिथली. कुठल्या गॅरेज सेलमध्ये स्टेपल केलेलं, टाइप केलेलं असं बाड दिसलं तर कृपया रद्दी समजून पुढे जाऊ नका. मी अजून शोधतेय.

४. मासिकं

इथे अजूनही कमी पैशात मजा येते. 'बेसबॉल डायजेस्ट' १९४२ पासून चालू आहे, आकाराने छोटं, जुने अंक पाच-दहा डॉलरला सहज मिळतात. 'द स्पोर्टिंग न्यूज' १८८६ ला सेंट लुइसमध्ये निघालं, याला लोक बेसबॉलचं बायबल म्हणायचे, छापील अंक २०१२ ला बंद झाला. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' चा पहिला अंक १६ ऑगस्ट १९५४ चा, कव्हरवर मिलवॉकीचा एडी मॅथ्यूज बॅटिंग करतोय, आणि आत टॉप्स कंपनीच्या कार्डांचं घडीचं पान होतं. विकणारे ते पान काढून घेतात आणि अंक वेगळा विकतात. म्हणून पहिला अंक घेताना आतल्या पानाचा फोटो मागायचाच.

बाकी बघायच्या गोष्टी: कव्हरवर पत्त्याचं लेबल आहे का (नसलेला, म्हणजे स्टॉलवर विकला गेलेला अंक महाग), मधली पानं स्टेपलपासून सुटली आहेत का, कोणी कूपन कापलंय का, आणि वास. हो, वास. तळघरात ठेवलेल्या मासिकाला बुरशीचा जो वास लागतो तो जात नाही आणि बाकीच्या कपाटाला लागतो. ऑनलाइन वास येत नाही, त्यामुळे सरळ मेसेज करून विचारायचं.

वर्तमानपत्री कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो, त्यामुळे 'स्पोर्टिंग न्यूज' चे जुने अंक सारखे उघडू नका. आणि पाठवताना लक्षात ठेवा, अमेरिकन पोस्टाचं मीडिया मेल स्वस्त आहे पण ते पुस्तकांसाठी, जाहिराती असलेली मासिकं त्यात चालत नाहीत.

५. स्कोअरकार्ड, माझा वीक पॉइंट

हा भाग लांबणार आहे, आधीच सांगते.

पूर्वी लोक मॅचला जाताना पेन्सिल घेऊन जायचे आणि स्कोअरकार्डवर प्रत्येक बॅटरचं काय झालं ते स्वतः भरायचे. ही लिहायची पद्धत आणि बॉक्स स्कोअर बसवण्यात मोठा हात हेन्री चॅडविकचा, हा मूळचा इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटचा बातमीदार होता, म्हणजे बघा आपलं नातं निघालंच. प्रत्येक जागेला नंबर: पिचर (बॉल टाकणारा) १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७-८-९. चौकोनात ६-४-३ लिहिलंय म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलला, सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यात दोन आउट. के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन आउट, उलटा के म्हणजे बॅट न फिरवता उभ्या उभ्या आउट. एवढं आलं की पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मॅच कागदावरून परत खेळता येते.

बरेच संग्राहक कोरं कार्ड शोधतात आणि भरलेल्याला कमी किंमत देतात. आपल्यासाठी हे छानच. माझ्या मते भरलेलं कार्डच खरं, पण दरवेळी बाजार माझं ऐकत नाही.

आता अडचण अशी की या प्रोग्रॅमवर बऱ्याचदा तारीखच नसते, कारण एकच छपाई कितीतरी दिवस चालायची. विकणारा म्हणतो 'बहुतेक १९६५ चं'. तारीख तुम्ही काढू शकता आणि यासारखी मजा नाही. असं करा:

- आतल्या रोस्टरमधली, म्हणजे खेळाडूंच्या यादीतली, नावं बघा, कोण नवीन आला, कोण त्या वर्षी दुसऱ्या टीमला गेला, यावरून वर्ष ठरतं.
- पेन्सिलने भरलेले दोन्हीकडचे सुरुवातीचे पिचर लिहून घ्या.
- प्रत्येक इनिंगचे रन लिहून घ्या.
- मग रेट्रोशीट किंवा बेसबॉल-रेफरन्स या वेबसाइटवर त्या वर्षाच्या त्या दोन टीमच्या मॅचेस उघडा, दोन्ही फुकट आहेत, आणि जुळवत बसा. त्या काळी घरच्या मैदानावरच्या मॅचेस नऊ ते अकराच असायच्या, अर्ध्या तासात सापडते.

माझ्याकडे शे स्टेडियमचं एक कार्ड आहे, न्यूयॉर्क मेट्स टीमचं. त्यात सहाव्या इनिंगनंतर पेन्सिल थांबते. मला वाटलं पाऊस आला असेल. तारीख काढली तर मॅच पूर्ण झाली होती, नऊच्या नऊ इनिंग. अक्षर लहान मुलाचं आहे. झोपलं असणार, किंवा बापाला ट्रॅफिक चुकवायचं असणार. हे कार्ड मी बारा डॉलरला घेतलं आणि ते कोणी कितीही देऊ केले तरी जाणार नाही.

तारीख सापडली की वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. मूळ कागदावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही.

तिकिटांचे स्टब, म्हणजे गेटवर फाडून हातात उरलेले तुकडे, पण याच खात्यातले, फक्त आता सगळी तिकिटं फोनवर आल्यामुळे कागदाचं तिकीट संपत आलंय, त्यामुळे जुन्याचे भाव चढलेत. मोठ्या मॅचचा स्टब असेल तर सेक्शन, रांग, तारीख सगळं तपासा.

६. कार्डं: इथे जपून

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

पहिला गैरसमज, जुनं म्हणजे महाग. १९८० चं दशक संपताना आणि ९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळाला लोक जंक वॅक्स म्हणतात. तुमच्या ऑफिसमधला कोणीतरी हमखास सांगेल की माझ्याकडे १९९० चा अख्खा बॉक्स आहे, तुला दोनशेला देतो. नको म्हणा. १९८९ चं अपर डेक कंपनीचं केन ग्रिफी ज्युनियर, सेटमधलं १ नंबरचं, असली थोडी नावं सोडली तर त्यात फार काही नाही.

दुसरा, रुकी कार्ड हा शब्द, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं कार्ड. न्यूयॉर्क यांकीज टीमच्या मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स, नंबर ३११, हे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्डांपैकी एक, ऑगस्ट २०२२ मध्ये एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. पण ते त्याचं रुकी कार्ड नाही. रुकी आहे १९५१ चं बोमन कंपनीचं. १९५२ चं दुर्मीळ का, तर त्या सेटचा शेवटचा भाग सीझन संपत आल्यावर बाजारात आला, खपला नाही, वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला आणि शेवटी टॉप्सच्याच साय बर्गरने ते खोके बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवले. ऐकून पोटात कालवतं.

तिसरा, रीप्रिंट. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये हा १९५२ चा सेट पुन्हा छापला. त्यात लबाडी काही नव्हती, आकार नेहमीचा अडीच बाय साडेतीन इंच ठेवला. मूळ कार्ड मोठं होतं, पावणेचार इंच उंच. म्हणून खिशात छोटी पट्टी ठेवा. मी कार्डांच्या शोला, म्हणजे विक्रीच्या प्रदर्शनाला, जाताना मुलाच्या कंपासमधली घेऊन जाते, लोक हसतात, हसू दे.

चौथा, ग्रेडिंग. पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० मार्क देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करतात, त्याला स्लॅब म्हणतात. महागाचं कार्ड स्लॅबमध्येच घ्या, पण देवावर ठेवतो तसा विश्वास ठेवू नका. पीएसएने १९९१ ला सगळ्यात पहिल्यांदा ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे तंबाखूच्या पाकिटातून यायचं ते होनस वॅग्नरचं, टी२०६ नावाच्या सेटमधलं, ८ मार्क दिले. पुढे २०१३ मध्ये एका लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की ते त्याने आधीच कडेने कापून नीट केलं होतं. स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, डबीचे सांधे उचकटल्यासारखे दिसतात का बघा. आणि स्वतःचं वीस डॉलरचं कार्ड ग्रेडिंगला पाठवू नका, फी आणि पोस्टेजच तेवढं होतं. मी पाठवली होती. अकरा. सगळी ६ आणि ७ होऊन परत आली.

नवीन कार्डांचं बंद पॅक फोडायचं म्हणाल तर मजा म्हणून फोडा, लॉटरीच आहे ती. पिचर पॉल स्कीन्सच्या जर्सीवरच्या पदार्पणाच्या पॅचचं एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला सापडलं, त्याच्या टीमने, पिट्सबर्ग पायरेट्सने, त्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली, घरच्यांनी लिलाव केला आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं. तेव्हापासून आमच्याकडे रोज पॅकची मागणी आहे.

७. सह्या: शिक्का आधी, सही नंतर

आजोबांनी मला जे शिकवलं ते असं. सही बघायच्या आधी ती ज्यावर केलीय ती वस्तू बघा आणि ज्याने केलीय ते पेन बघा.

बॉलवर लीगच्या प्रेसिडेंटचं नाव छापलेलं असायचं. अमेरिकन लीगवर विल हॅरिज १९३१ ते ५९, नंतर १९७३ पर्यंत जो क्रोनिन. नॅशनल लीगवर फोर्ड फ्रिक १९३४ ते ५१, मग १९६९ पर्यंत वॉरन जाइल्स. २००० पासून दोन्ही लीगचा बॉल एकच झाला आणि त्यावर कमिशनरची सही आली. आता यांकीजचा दिग्गज बेब रूथ गेला १६ ऑगस्ट १९४८ ला. जाइल्सच्या बॉलवर रूथची सही दिसली की दुकानदाराला नमस्कार करून निघायचं.

पेनचं तसंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. यांकीजचाच लू गेरिग गेला जून १९४१ मध्ये, म्हणजे त्याची बॉलपेनची सही खोटीच. शार्पी मार्कर आला १९६४ ला. या चार-पाच तारखा फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, एवढ्याने बाजारातला बराच कचरा बाजूला होतो.

याशिवाय काही सापळे. छापलेल्या सह्यांचे सुव्हेनिर बॉल असतात, सगळ्या सह्या एकाच रंगात एकसारख्या, ते लोक खरे म्हणून विकतात. टीमच्या बॉलवर मोठ्या खेळाडूची सही कधीकधी क्लबहाउसमधल्या पोऱ्याने केलेली असायची, म्हणजे बॉल खरा, काळ खरा, पेन खरं, सही खोटी, हे ओळखणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं प्रमाणपत्रच बघायचं. विकणाऱ्याने घरच्या प्रिंटरवर काढलेलं सर्टिफिकेट म्हणजे कागद. खोट्या सह्यांचं प्रकरण इतकं मोठं होतं की एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाची मोहीम चालवून टोळ्या पकडल्या.

मग खरी सही कशी मिळवायची? समोर उभं राहून. सगळ्यात सोपं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधलं स्प्रिंग ट्रेनिंग, सीझनआधीचा सराव, फ्लोरिडा किंवा अॅरिझोनात, मैदानं छोटी, खेळाडू निवांत. बॉलसाठी साधं निळं बॉलपेन न्या, शार्पीची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांनी सहीचा ढग होतो. शार्पी फोटो आणि कार्डांसाठी ठीक. दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या जागेला स्वीट स्पॉट म्हणतात, एकाच खेळाडूची सही असेल तर तिथेच घ्यायची.

पोस्टानेपण मागता येते. टीमच्या पत्त्यावर छोटं हाताने लिहिलेलं पत्र, एक किंवा दोनच कार्डं, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आठ महिने लागू शकतात, किंवा येतच नाही, म्हणून महागाचं कार्ड पाठवू नका. माझ्या मुलाने चौदा पत्रं लिहिली, पाच परत आली, त्यातल्या एकावर खेळाडूने 'शाळेत लक्ष दे' असं लिहिलं होतं. ते मी फ्रेम केलंय.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलच्या म्युझियमला, एकदा जाऊनच या, १९३९ ला उघडलंय, आमच्याकडून चार तासांचा रस्ता. तिथे खेळाडूंच्या पाटीची पिवळी पोस्टकार्डं मिळतात, सही घ्यायला यापेक्षा स्वस्त आणि देखणी वस्तू नाही. आणि न्यू जर्सीकरांनो, माँटक्लेअर स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात यांकीजचा कॅचर योगी बेराचं म्युझियम आहे. हे 'योगी' नाव आपल्याकडचंच बरं का, त्याच्या मित्राने सिनेमागृहात भारतावरची फिल्म बघितली, त्यात मांडी घालून बसलेला योगी होता, आणि हापण तसाच बसायचा म्हणून नाव पडलं. मी तिथे आईला घेऊन गेले होते, तिला बाकी काही कळलं नाही पण हे फार आवडलं.

८. मॅचमध्ये वापरलेलं सामान

थोडक्यात. मेजर लीगचा स्वतःचा ऑथेंटिकेशन प्रोग्रॅम आहे, २००१ पासून, मैदानावर माणूस बसलेला असतो आणि वस्तू त्याच्यासमोर बाहेर आली की होलोग्रामचा स्टिकर लागतो. त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकला की कुठली मॅच, बऱ्याचदा कुठल्या इनिंगचा कुठला पिच (पिचरने टाकलेला बॉल), सगळं निघतं. स्टेडियमच्या दुकानात असे बॉल मिळतात, साध्या पिचचा बॉल परवडतो. होलोग्राम नसेल आणि 'मॅचमधला' बॉल पांढराशुभ्र चकचकीत असेल तर संशय घ्या, कारण मॅचआधी प्रत्येक बॉलला चिखल चोळून चकाकी काढतात, आणि तो चिखल येतो आमच्या न्यू जर्सीतून, डेलावेअर नदीच्या फाट्यावरून. अभिमानाची जागा कुठेही सापडते.

९. भाव कसा काढायचा

ईबेवर जे मागितलेत ते आकडे बघू नका, 'सोल्ड' चा फिल्टर लावा आणि शेवटचे पाच-सहा सौदे बघा, त्याच अवस्थेतल्या वस्तूचे. लिलावात बोली लावताना बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाववाल्याची वरची फी, विसरू नका, पाचशेला घेतलं असं वाटतं आणि वीस टक्के, टॅक्स, पोस्टेज धरून साडेसहाशेचं बिल येतं. शोमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी जा, सामान परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, घासाघीस आपल्याला काय शिकवायची.

१०. जपायला काय काय लागतं

- पेनी स्लीव आणि टॉपलोडर. आधी मऊ पिशवी, मग कडक. जुन्या मोठ्या कार्डांचे टॉपलोडर वेगळे येतात, नेहमीच्यात कोंबू नका.
- मासिकांसाठी आम्लविरहित पुठ्ठा आणि पिशव्या, मापाप्रमाणे.
- पुस्तकांच्या जॅकेटसाठी पारदर्शक मायलार कव्हर.
- बॉलसाठी यूव्ही रोखणारी चौकोनी डबी, तरीही उन्हात नाहीच.
- सिलिका जेल, आणि एक आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र.
- मोजपट्टी आणि भिंग.

सेलोटेप, रबरबँड, लॅमिनेशन, तिन्ही घरातून हद्दपार. लॅमिनेट केलं की किंमत संपली. आणि तळघरात काही ठेवू नका, इथल्या तळघरात कधीतरी पाणी येतंच, आमच्याकडे आलं, १९५० च्या दशकातली तीन इयरबुकं एकमेकांना अशी चिकटली की आता ते एकच पुस्तक आहे.

११. कागदपत्रं आणि यादी

हे कंटाळवाणं आहे पण करा. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो, कुठून घेतली, कधी, कितीला, पावती, स्लॅब किंवा होलोग्रामचा नंबर. एका एक्सेल शीटमध्ये. घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये अशा वस्तूंना बऱ्याचदा मर्यादा असते, संग्रह काही हजारांच्या पुढे गेला तर एजंटला विचारून वेगळं कव्हर घ्या, तेव्हा हीच यादी मागतात. विकताना नफा झाला तर टॅक्सलापण खरेदीची पावतीच कामाला येते.

खोटी निघालेली वस्तूसुद्धा यादीत लिहा आणि खोटी म्हणूनच लिहा, कारण आपल्यानंतर हे खोके उघडणाऱ्याला काय कळणार, तो निरागसपणे विकून टाकेल आणि परत कोणीतरी फसेल. क्लेमेंटेच्या बॉलवर मी काळ्या शार्पीने देवनागरीत 'खोटी सही' असं लिहून ठेवलं. मग लक्षात आलं की घेणाऱ्याला ते वाचता येणार नाही, उलट भारतातल्या कुठल्यातरी फॅनची सही समजेल, म्हणून खाली इंग्रजीतपण लिहिलं.